हवा मानवली, पुढे काय?

नव्या गावी राहायला गेलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. जेवणाचं काय करतेस, आणि तिथली हवा मानवली का? दुसऱ्या प्रश्नातलं 'मानवणे' हे क्रियापद मला फार आवडतं. 'मला इथली हवा मानवली' या वाक्यात कर्ता हवा आहे. मी काहीच करत नाही. या पोरीला ठेवून घ्यायचं की सर्दी-खोकला देऊन परत पाठवायचं, हे हवाच ठरवते. याच अनुभवासाठी दुसरा शब्द आहे 'जुळवून घेणे'. तिथे सगळी मेहनत माझी, हवा आपली मख्ख. आणि तिसरा, 'अंगवळणी पडणे'. तिथे कुणीच काही करत नाही. दिवस जातात आणि मग कधीतरी लक्षात येतं, की पूर्वी टोचायचं ते आता टोचत नाही.

मी चंद्रपूरची. ऑगस्ट २०२२ पासून हेलसिंकीत सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करते. म्हणजे भारतातल्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांपैकी एकातून उठून जगातल्या सगळ्यात उत्तरेकडच्या राजधान्यांपैकी एकीत येऊन बसले. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ पर्यंत जातो. इथे जानेवारीत उणे १५, कधी त्याहून खाली. हा माझा चौथा हिवाळा. हवा मानवली, यात आता शंका नाही. 'सुखी आहेस का' असं कुणी थेट विचारलं तर फार आढेवेढे न घेता मी हो म्हणेन.

येत्या वसंतात मला ठरवायचंय की इथे कायमचं राहायचं की परतायचं. आणि नेमकं इथेच गाडी अडते. कोडं असं आहे: मी इथे सुखी आहे, हे इथे राहण्याचं कारण होऊ शकतं का?

प्रश्न खुळचट वाटेल. सुखी आहेस तर राहा की! पण थोडा विचार करा. माणसाला कशाचीही सवय होते हे खरं असेल, तर मी पुण्यातही सुखी झाले असते, चंद्रपुरातही, आणि नोकरी तिकडे मिळाली असती तर दुबईतही. मग माझं सुख या जागेबद्दल काय सांगतं? कुठेही लावा, ३७ च दाखवणारा थर्मामीटर असेल, तर त्यावरून ताप आहे की नाही हे कळणार नाही. सवयीने आलेलं सुख तसंच असेल, तर त्याच्या भरवशावर आयुष्याचा निर्णय कसा घ्यायचा?

*

आधी शरीराचं बघू, कारण शरीर जास्त प्रामाणिक असतं.

उष्णतेशी माणसाचं शरीर चांगलंच जुळवून घेतं. रोज उन्हात काम केलं तर साधारण १० ते १४ दिवसांत बदल दिसतात. घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यातलं मीठ कमी होतं. रक्तातला द्रवाचा भाग वाढतो आणि हृदयावरचा ताण थोडा उतरतो. पण ही कमाई टिकाऊ नसते. ऊन सुटलं की काही आठवड्यांत ती जाते. मी मे महिन्यात घरी गेले तेव्हा हे प्रत्यक्ष अनुभवलं. ज्या उन्हात मी दुपट्टा बांधून, गाडी चालवत कॉलेजला जायचे, त्या उन्हात कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणतानाही मला गरगरलं. माझं शरीर चंद्रपूर विसरलंय. अगदी शब्दशः.

थंडीचं वेगळं आहे. थंडीशी शरीर फारच थोडं जुळवून घेतं. कुडकुडणं जरा कमी होतं, हातापायांना थोडी सवय होते, बस. आपण मुळात उष्ण प्रदेशातले प्राणी. उणे २० मध्ये उघड्यावर फिनिश माणूसही मरेल आणि चंद्रपूरचाही, फिनिश माणूस थोडा उशिरा इतकंच. उत्तरेकडचे लोक थंडीत जगतात ते घर, कपडे, आग आणि एकमेकांच्या आधारावर. त्यांच्या कातडीत काही खास नाही.

म्हणून 'मला थंडीची सवय झाली' हे वाक्य तपासून घ्यावं लागतं. सवय झाली म्हणजे काय झालं? माझ्या खिडक्यांना तीन काचा आहेत. शहराखालून जाणाऱ्या पाइपांमधून गरम पाणी येतं आणि खोली २१ अंशांवर राहते. ते पाणी गेली कित्येक दशकं मुख्यतः कोळसा जाळून तापवलं जायचं. हेलसिंकीतलं शेवटचं कोळशाचं केंद्र २०२५ च्या वसंतात बंद झालं. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या गावात वाढलेल्या मुलीला याची गंमत वाटते. आमच्याकडे कोळसा जाळून कूलर चालतो आणि इकडे कोळसा जाळून माझे पहिले तीन हिवाळे ऊबदार गेले. रस्त्यावरच्या बर्फावर कुणीतरी पहाटे खडी पसरतं, म्हणून मी घसरून पडत नाही. गाड्यांना हिवाळी टायर लावणं कायद्याने बंधनकारक आहे. दुधात 'ड' जीवनसत्त्व घातलेलं असतं. यातलं मी काय केलं? एक चांगला कोट घेतला आणि लोकरी मोजे.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे रिफ्लेक्टर. अंधारात चालणाऱ्याने अंगावर रिफ्लेक्टर लावावा असा इथे नियम आहे. कोटाच्या खिशाला दोऱ्याने बांधलेली एक चकती असते, फूल, मांजर, घुबड अशा आकारांची. तिच्यामुळे मला स्वतःला काही जास्त दिसत नाही. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला मी दिसते. अंधाराशी जुळवून घेण्याचा हा जो प्रकार आहे, तो एकट्याने करताच येत नाही. मी चकती लावायची, त्याने दिवा लावायचा आणि वेग आवरायचा.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. पाणपोई हे याचंच उदाहरण. रस्त्याकडेला लाल कापड गुंडाळलेले रांजण, वाळ्याच्या ताट्या, सकाळची शाळा, दुपारी झोपी गेलेला बाजार, नवतपाचे नऊ दिवस कुठलंही मोठं काम न काढण्याची रीत. 'सवय' म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो, ती बहुतेक वेळा कुणीतरी केलेली सोय असते.

*

आता मनाकडे येते.

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या दोघांनी १९९८ मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतल्या गारठ्यात शिकणारे विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियातले विद्यार्थी, दोघांना विचारलं, आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? उत्तरं जवळजवळ सारखी आली. मग विचारलं, तुमच्यासारखाच विद्यार्थी त्या दुसऱ्या प्रदेशात असेल तर तो किती समाधानी असेल? यावर दोन्हीकडच्यांचं एकमत झालं, कॅलिफोर्नियावाले जास्त सुखी असणार. म्हणजे हवेने समाधानात फरक पडत नव्हता, पण पडतो असं मात्र सगळ्यांना वाटत होतं. कारण साधं आहे. लांबून बघताना आपल्याला फक्त ऊन किंवा बर्फ दिसतो. तिथे राहणाऱ्याला मात्र त्या बर्फात परीक्षा, भाडं, भांडण, मैत्रीण, पोटदुखी हे सगळं असतं. हवा मागे पडते.

मला हे पटतं. आईला व्हिडिओ कॉलवर खिडकीबाहेरचा दुपारी साडेतीनचा काळोख दिसतो आणि तिच्या पोटात तुटतं. मला त्या काळोखात स्क्रीनवरचा बग दिसत असतो. मला खिडकीकडे बघायला वेळ नसतो.

पण 'हवेचं काही नसतं, सगळं मनावर असतं' इथवर मी जाणार नाही. डिसेंबरच्या अखेरीस हेलसिंकीत दिवस सहा तासांहून छोटा असतो. चंद्रपुरात सर्वांत छोटा दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. माझ्या मेंदूचं घड्याळ त्या अकरावर लागलेलं. पहिला हिवाळा बर्फाच्या कौतुकात गेला. दुसरा जड गेला. सकाळी दहापर्यंत जाग यायची नाही, गोड खात सुटायचे आणि रविवारचा फोन मुद्दाम चुकवायचे. ऋतूनुसार येणारं हे नैराश्य खरं असतं. नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि त्यावर १०,००० लक्सच्या दिव्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसणं हा मान्य उपचार आहे. तुलनेसाठी सांगते, ऑफिसातला उजेड ३०० ते ५०० लक्स असतो आणि भर उन्हातला एक लाखाच्या घरात. मी दिवा आणला. फरक पडला. यात मनोबळाचा काही वाटा नव्हता. डोळ्यांत उजेड गेला, बस.

दुसरीकडे, मनाचा वाटा शून्य आहे असंही नाही. कॅरी लायबोविट्झ ही अमेरिकन संशोधक नॉर्वेतल्या ट्रोम्सोला गेली होती, जिथे हिवाळ्यात सुमारे दोन महिने सूर्य उगवतच नाही. ती 'लोक इतके उदास का' हा प्रश्न घेऊन गेली, आणि फारसे उदास नाहीत हे बघून तिने प्रश्नच उलटा केला. तिला आढळलं, की हिवाळ्याकडे बघायची लोकांची नजर जितकं उत्तरेला जावं तितकी जास्त स्वागताची होत जाते. हिवाळा हा उन्हाळ्याची वाट बघत काढायचा काळ, असं ते धरत नाहीत. स्कीइंग, मेणबत्त्या, सावना, लोकर यांचा तो ऋतू. आपण पावसाळ्याबद्दल असंच बोलतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, रस्त्यांची चाळण होते, तरी पावसाळा म्हटलं की भजी आणि कविता. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटत असेल.

*

मग फिनलंड सुखी कसं? जागतिक आनंद अहवालात २०१८ पासून २०२५ पर्यंत सलग आठ वर्षं हा देश पहिला आहे. २०२५ मध्ये भारत ११८ वा होता. ही बातमी दरवर्षी मार्चमध्ये येते आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सातजण मला फॉरवर्ड करतात. इथले सहकारी ती वाचून मान हलवतात आणि कॉफी ओततात.

त्यात नेमकं काय मोजतात ते बघा. एक शिडी कल्पा, शून्य ते दहा पायऱ्यांची. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? काल तुम्ही किती हसलात, यावर हा क्रमांक ठरत नाही. म्हणजे मोजलं जातं ते समाधान. आजारी पडले तर काय, नोकरी गेली तर काय, हरवलेलं पाकीट परत मिळेल का, अशा प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी ठाऊक असलेल्या लोकांचं समाधान.

माझ्या कोड्याशी थेट जोडलेली गोष्ट २०१८ च्या अहवालात आहे. त्या वर्षी त्यांनी स्थलांतरितांचा खास अभ्यास केला. निघालं असं, की स्थलांतरितांचं समाधान बहुतेक ठिकाणी ते ज्या देशात गेले तिथल्या मूळ रहिवाशांच्या समाधानाच्या जवळ सरकतं. म्हणजे माणूस आपलं ठरलेलं सुख सुटकेसमध्ये घालून नेतो असं नाही. जागेने फरक पडतो. फक्त तो फरक हवेमुळे पडत नाही. हवा मागे पडते, आणि ज्या गोष्टी मागे पडत नाहीत त्या उरतात. इतर अभ्यासांतही असंच दिसतं. पगारवाढीची सवय लवकर होते. बेरोजगारीची पूर्ण सवय मात्र होत नाही, पुन्हा नोकरी लागल्यावरही तिचा ओरखडा राहतो, हे जर्मनीतल्या अनेक वर्षं चाललेल्या सर्वेक्षणातून पुढे आलं.

तर माझा थर्मामीटर अगदीच बिघडलेला नाही. तो काही गोष्टी दाखवतो, काही दाखवत नाही. आता प्रश्न असा, की त्याने दाखवायला हवं होतं ते दाखवणं बंद तर केलं नाही ना?

*

'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' हे आपण दुसऱ्याला चिडवायला वापरतो. यॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंताने १९८३ मध्ये याच गोष्टीच्या नावाने एक अख्खं पुस्तक लिहिलं. जे मिळण्यासारखं नाही ते नकोच होतं, असं मन स्वतःला पटवतं, आणि मग आपली इच्छा ही खरंच आपली राहते का, असा त्याचा प्रश्न आहे. अमर्त्य सेन हीच गोष्ट जास्त बोचऱ्या पद्धतीने मांडतात. १९४४ मध्ये, बंगालच्या दुष्काळानंतर, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये आरोग्याची पाहणी झाली. ४८.५ टक्के विधुरांनी आपण आजारी आहोत किंवा आपली तब्येत बेताचीच आहे असं सांगितलं. विधवांमध्ये असं सांगणाऱ्या होत्या अडीच टक्के. त्या काळच्या बंगाली विधवेचं जेवण आणि जगणं आठवलं, तर त्या बायका ठणठणीत होत्या यावर कुणाचा विश्वास बसेल? दुखणं अंगवळणी पडलं होतं. 'मी आजारी आहे' असं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे, हेच त्यांना वाटत नव्हतं.

मी कामावर असते तेव्हा हे मला रोज दिसतं, वेगळ्या रूपात. सर्व्हरवर काही बिघडलं की अलर्ट वाजतो. रात्री तीनला सतत वाजणाऱ्या अलर्टचं माणसं दोनपैकी एक काहीतरी करतात. बिघाड दुरुस्त करतात, किंवा अलर्ट म्यूट करतात. दोन्हींनंतर शांतता सारखीच. डॅशबोर्ड हिरवा, टीम खूश. फरक कळतो तो फार नंतर, आणि तेव्हा सर्व्हर बसलेला असतो. सवयीने आलेल्या सुखाबद्दल म्हणूनच विचारायचा प्रश्न हा: दुरुस्ती झाली, की आवाज बंद केला?

माझ्या काळोखाचं उत्तर मला देता येतं. दिवा आणला, दुपारी बाराला उजेडात अर्धा तास चालते, सावनात जाते, तिथे ओळखी झाल्या. ही दुरुस्ती आहे. अजूनही नोव्हेंबरमध्ये मला जड वाटतं आणि ते मी बोलून दाखवते. अलर्ट चालू आहे.

पण आता हाच प्रश्न माझ्या आईबद्दल विचारते. मे महिन्यात मी फोनवर विचारते, किती तापलं? ती सांगते, "छेचाळीस. आमाले सवय आहे, तू नको लक्ष देऊ." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय आणि त्यात एक अभिमानही आहे. विदर्भाची माणसं उन्हाला घाबरत नाहीत! खिशात कांदा ठेवायचा आणि निघायचं. पण अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेत एरवीपेक्षा हजाराहून जास्त मृत्यू झाले, तेही उन्हाची पिढ्यान्पिढ्या सवय असलेल्या माणसांचे. त्या धक्क्यातून २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला. आधी सूचना, दवाखान्यांची तयारी, पाण्याची सोय. सवयीला मर्यादा असते, हे एका शहराने मान्य केलं. शरीर दोन आठवड्यांत शिकतं ते खरं, पण ठरावीक उष्मा आणि दमटपणापलीकडे घाम काही करू शकत नाही, आणि तिथे कांदाही काही करू शकत नाही.

*

'शीत-उष्ण येतात आणि जातात, ते सोस' असा उपदेश गीतेच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. ग्रीक-रोमन स्टोइकांनी वेगळ्या भाषेत तेच सांगितलं. आपल्या हातात नाही त्याचा त्रास करून घेऊ नका. तुकोबांची समाधानाची शिकवण तर आपल्या घरांच्या भिंतींवर टांगलेली असते. मी यांना नाकारत नाही. दुसऱ्या हिवाळ्यात याच विचारांनी मला तारलं आहे.

पण या उपदेशाला व्याकरण आहे, आणि ते आपण विसरतो. तो प्रथमपुरुषात शोभतो. 'मी सोसेन', 'मी जुळवून घेईन' हे धैर्य आहे. तेच वाक्य आज्ञार्थात गेलं की त्याचा रंग बदलतो. 'जुळवून घे.' मराठी मुलीला हे दोन शब्द समजावून सांगायला नकोत. लग्न ठरलेल्या प्रत्येक मावसबहिणीला, आतेबहिणीला हे सांगताना मी ऐकलंय, आणि सांगणाऱ्या बायकांनीही ते कधीतरी ऐकलेलं असतं. जुळवून घेणं हा सद्गुण आहेच. पण तो नेहमी एकाच बाजूकडून का मागितला जातो? सासरच्या घराला कुणी का सांगत नाही, की ही येतेय, जरा जुळवून घ्या?

परदेशातही हाच हिशेब लागू पडतो. हेलसिंकीत 'वाईट हवा नसते, वाईट कपडे असतात' ही म्हण मला पहिल्या आठवड्यात तीन जणांनी ऐकवली. म्हण गोड आहे. पण चांगले कपडे महाग असतात. उणे १२ मध्ये सायकलवर पाठीला चौकोनी पेटी लावून जेवण पोचवणारी मुलं बहुतेक आशियातून आणि आफ्रिकेतून आलेली असतात. त्यांचा हिवाळा आणि माझा हिवाळा एकच आहे असं वेधशाळा म्हणेल, मी म्हणणार नाही. माझ्या जेवणाची ऊब त्यांच्या पाठीवरून येते. आणि हवा फक्त तापमानाची नसते. ज्या २०१८ मध्ये फिनलंड पहिल्यांदा या यादीत पहिलं आलं, त्याच वर्षी युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेचा अहवाल आला. आफ्रिकी वंशाच्या लोकांना मागच्या पाच वर्षांत वंशद्वेषी छळ सोसावा लागला का, या प्रश्नाला फिनलंडमध्ये ६३ टक्क्यांनी हो म्हटलं. पाहणीतल्या १२ देशांत हा आकडा सर्वांत मोठा. सर्वांत सुखी देशात सगळ्यांना एकच हवा मिळत नाही.

म्हणून कुणी 'तिकडे सेटल झालीस ना, छान जुळवून घेतलंस' असं कौतुक केलं, की मला त्यातला अर्धा भागच घ्यावासा वाटतो. थोडं मी जुळवलं, बरंच या शहराने जुळवलं. ज्यांच्यासाठी शहराने जुळवलं नाही, ते माझ्यापेक्षा कमी जिद्दीचे आहेत असं नाही.

*

राहिला अपराधीपणा. तो परदेशातल्या प्रत्येकाच्या पाठीवर असतो आणि त्याच्याबद्दल कुणी मोकळं बोलत नाही. घरच्यांना आपण सुखी हवे असतो, पण फार सुखी नको. 'इकडे काही खरं नाही, घरचीच आठवण येते' एवढं तरी म्हणावं लागतं. माझ्या ओळखीचे कित्येकजण हा कर नियमित भरतात. दुःख हा निष्ठेचा पुरावा, सुख म्हणजे फितुरी.

मला हे मान्य नाही. मी काळोखात कुढत बसले म्हणून चंद्रपूरचा पारा एक अंशाने उतरणार नाही. सुखी असणं ही फितुरी नाही. पण विसरणं असू शकते, आणि इथे शरीर आणि मन यांत मला फरक करावा लागतो. शरीराने ऊन विसरलं तर त्याला बोल लावता येत नाही, तो त्याचा धर्म आहे. मनाने मात्र मुद्दाम आठवण ठेवायला हवी. 'आमाले सवय आहे' हे ऐकून फोन ठेवणं सोपं आहे, कारण त्या वाक्याने आई मला मोकळं करते. तो तिने माझ्यासाठी म्यूट केलेला अलर्ट असतो.

शिवाय ज्या हवेशी जुळवून घ्यायचं ती एका जागी थांबलेली नाही. १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतोय, हे इथल्याच हवामान संस्थेच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवलं. दक्षिण फिनलंडमध्ये बर्फाचे दिवस कमी होतायत. बर्फ नसला की हिवाळा जास्त काळा होतो, कारण जो काही थोडा उजेड असतो तो परतवणारी पांढरी जमीनच राहत नाही. इथले म्हातारे सहकारी पूर्वीच्या हिवाळ्यांबद्दल तसंच बोलतात जसे आमचे बाबा पूर्वीच्या उन्हाळ्यांबद्दल बोलतात. दोघांनाही आपली हवा परकी होत चाललीय, घर न सोडता.

*

तर मग ठरवायचं कशावरून? सुख हा एकमेव निकष नको, कारण ते सवयीचंही असू शकतं. दुःख हा निकष तर नकोच. मी स्वतःसाठी तीन प्रश्न काढलेत, तुम्हाला उपयोगी पडले तर बघा. इथे काही टोचलं तर मला ते बोलता येतं का, आणि बोलल्याने काही हलतं का? इथून निघायचं ठरवलं तर निघता येईल का? आणि माझ्या ऊबेची किंमत कोण भरतंय?

पहिल्या प्रश्नावर हेलसिंकी बऱ्यापैकी पास होते. नागरिक नसूनही, दोन वर्षांहून जास्त राहिल्यामुळे, एप्रिल २०२५ च्या महापालिका निवडणुकीत मला मत देता आलं. महाराष्ट्रातल्या महापालिका कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती होत्या आणि निवडणुका थेट जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. चंद्रपुरात उन्हाळ्याची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता. दुसऱ्यावर माझं उत्तर अर्धं आहे. नोकरी आणि परवाना एकमेकांना बांधलेले असताना 'मी मोकळी आहे' हे म्हणायला जीभ अडखळते. कायमचा परवाना मिळाला तर ती गाठ सुटेल, आणि खरं सांगायचं तर तो घेण्यामागे हेच सर्वांत मोठं कारण आहे. जिथून जाता येतं तिथे राहणं हेच खरं राहणं. तिसऱ्यावर मी नापास आहे, आणि बहुधा इथे राहणारे आम्ही सगळेच.

मी राहायचं ठरवतेय. 'इथे सुखी आहे म्हणून' असं मात्र मी घरी सांगणार नाही, कारण ते खरं असलं तरी ते कारण नाही. आणि या एप्रिलमध्ये घरच्या गच्चीला उन्हाची किरणं परतवणारा पांढरा रंग लावून घ्यायचंय. बाबांशी त्यावरून वाद चालू आहे. त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं चाललं, आता कशाला. मी म्हटलं, तुम्ही जुळवून घेतलंत इतकी वर्षं, आता जरा गच्चीला जुळवून घेऊ द्या.